अभिप्राय : चालेल

आमच्या पाणी मंडळाच्या कचेरीत कागद फिरतो, माणूस फिरत नाही. मला इथे एकतीस वर्षं झाली आणि ही पद्धत त्याच्याही आधीची आहे. परिपत्रक निघालं की ते दाराजवळच्या पहिल्या टेबलावर येतं. तिथला माणूस शेवटच्या रकान्यात अभिप्राय लिहितो, सही ठोकतो आणि हात लांब करून कागद पुढच्या टेबलावर सरकवतो. टेबलं एकमेकांना इतकी खेटून लावलेली आहेत की खुर्चीतून उठायची वेळच येत नाही. सकाळी दहाला बसलेला माणूस संध्याकाळी उठतो तेव्हा गुडघ्यांवर हात ठेवून, सुस्कारा टाकत उठतो.

अभिप्राय म्हणजे काय, तर बहुतेक जण 'पाहिले' लिहितात. जरा शहाणे असतात ते 'नोंद घेतली' लिहितात. मी 'चालेल' लिहिते. टंकलेखिकेला दोन दिवस रजा हवी, चालेल. पंखा त्या भिंतीवरून या भिंतीवर घ्यायचाय, चालेल. तक्रार विभागाची मुख्य मी, त्यामुळे बाहेरून येणारी पत्रंही माझ्याच टेबलावर येतात. त्यातल्या अर्ध्यांना काही तक्रार नसतेच, नुसती परवानगी हवी असते. पाण्याचा मीटर डाव्या भिंतीवर घेऊ का? चालेल. माझा अभिप्राय टंकलेखिका छापील पोस्टकार्डावर टाइप करते आणि पोस्टात टाकते. उरलेल्या पत्रांवर मी कुठल्या विभागाने काय करायचं ते लिहिते. निदान लिहीत असे.

आता खरं सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. गेलं वर्षभर मी ती पत्रं वाचत नव्हते. वाचता येत नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि त्यातला उजवा चांगला पिकलेला. छापील मथळा कसाबसा लागायचा, हाताने लिहिलेलं सगळं ओल्या बोटाने पुसल्यासारखं दिसायचं. एखादा शब्द ओळखू आला की बाकीचं मी अंदाजाने जुळवायची. एकतीस वर्षांच्या सवयीवर माणूस बरेच दिवस काढू शकतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. "साखर दोनशेच्या खाली आणा, मग मी डोळ्याला हात लावतो. दोनशे ऐंशीवर नाही लावणार. आणि फार दिवस थांबू नका, उजवा थांबणार नाही." बरोबर सून होती. तिने घरी येताच साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला, जिथे माझा हात पोहोचत नाही. चाला, असंही डॉक्टर म्हणाले होते. मी म्हटलं, चालेन हो, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन आठ तास बसले.

कचेरीत मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. माझ्या आधीचे मुख्य थोडे कमी ऐकू लागले तेव्हा त्यांना तळमजल्यावर जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं होतं. तिथे एक खुर्ची, एक दिवा आणि उंदीर. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना निरोप द्यायला कुणी खाली गेलं नाही. मुद्दाम नव्हे, कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मीही गेले नव्हते. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि ती मला त्या खोलीत काढायची नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ घट्ट धरून बसले होते.

माझ्या पुढचं टेबल नकाशेवाल्यांचं. शहराखालचे सगळे नळ या माणसाने कागदावर उतरवलेले आहेत. जुना नळ काळ्या शाईने, बंद करायचा तो लाल, नवा टाकायचा तो हिरवा. रेघ चुकली की ब्लेडने शाई खरवडायची. त्या खर्र-खर्र आवाजाने माझं डोकं उठतं आणि ते मी त्यांना अकरा वर्षं सांगत आले आहे. खिडकी उघडी असावी की बंद, यावरून आमचं अबोल्यापर्यंत गेलेलं आहे. उंच, किडकिडीत माणूस, दिवसाला दहा वाक्यं बोलणार, आणि कागद त्यांच्याकडे गेला की एक दिवस मुक्कामाला राहणार.

तर अशात आमच्याकडे नव्या मॅडम आल्या. वयाने माझ्या सुनेएवढ्या. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांची तब्येत तपासून घेतली, डोळे तेवढे सोडून, माझं नशीब, आणि चौतीस माणसांच्या कचेरीत ज्याची तब्येत धडधाकट निघाली असा एकटा शिपाई निघाला. मग एक परिपत्रक आलं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मला मथळ्यातले 'दुपारच्या सुट्टीत' एवढेच शब्द लागले. वाटलं, सुट्टीची वेळ बदलताहेत. मी 'चालेल' लिहिलं, सही केली आणि नकाशेवाल्यांकडे सरकवलं.

दोन दिवसांनी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं.

"दुपारच्या सुट्टीत अर्धा तास चालण्याचा उपक्रम मी सुचवला होता," त्या म्हणाल्या. "बत्तीस जणांनी 'पाहिले' किंवा 'नोंद घेतली' असं लिहिलंय. फक्त एका व्यक्तीने स्पष्ट लिहिलंय, 'चालेन'. बाई, मला फार बरं वाटलं. या उपक्रमाच्या प्रमुख तुम्ही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. 'चालेल' आणि 'चालेन', ल आणि न, एका अक्षराचा खेळ. मी म्हटलं, "मॅडम, ते अक्षर नीट बघा हो, माझं अक्षर जरा..."

"बघा ना," म्हणून त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

मी बघितलं. पांढऱ्यावर काळपट धूर. ल होता की न होता की कावळा बसला होता, मला काय कळणार? 'मी असं लिहिलेलं नाही' म्हणावं तर 'मग परिपत्रक वाचलंत ना?' हा प्रश्न येणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

"हो," मी म्हटलं, "चालेन."

मागे कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. मला वाटलं नकाशेवाले असतील, पण त्यांचा चेहरा भिंतीसारखा होता.

पहिल्या दिवशी अठरा जण आले. कचेरीच्या आवारात पाण्याची मोठी गोल टाकी आहे, तिच्याभोवती फेऱ्या मारायच्या. मॅडमनी प्रत्येकाच्या कमरेला पावलं मोजायचं यंत्र लावलं होतं आणि आठवड्याच्या शेवटी आकडे फळ्यावर लिहिले. शिपायाची पावलं दिवसाला अकरा हजार. तो बिचारा पूर्वीपासूनच चालत होता, त्याला विचारलंच नव्हतं कुणी. दुसरा नंबर एका कारकुनाचा आला, चार हजार. तो जागचा उठलाच नव्हता. टेबलाखाली दिवसभर पाय हलवत बसला होता.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही चार उरलो. मी, कारण प्रमुख पळून जाऊ शकत नाही. मॅडम, बैठक नसेल तेव्हा. टंकलेखिका, कारण तिला लग्नाआधी बारीक व्हायचं होतं. आणि चौथे, कुणी न बोलावता, नकाशेवाले. लांब ढांगा टाकत आमच्या पुढे जायचे आणि टाकीला वळसा घालून पुन्हा मागून यायचे. बोलणं शून्य. माझे गुडघे कुरकुरत होते आणि ऊन डोळ्यांत सुयांसारखं जात होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी बसकण मारली. टाकीच्या कठड्यावर बसले आणि म्हटलं, "हे घाण्याच्या बैलाचं काम माझ्याच्याने होणार नाही. चालायचंच तर कुठेतरी पोहोचायला पाहिजे."

"कुठे?" मॅडमनी विचारलं.

मी तोंडाला येईल ते बोलून गेले. "आपल्याकडे रोज तीस तक्रारी येतात. कुणाचा नळ कुठे गळतोय हे आपण कधी बघितलंय? उंटावरून शेळ्या हाकतो आपण. रोज जवळपासची एक तक्रार घ्यायची, चालत जाऊन बघायची आणि परत यायचं."

प्रामाणिकपणे सांगते, त्यात शहराच्या भल्याचा विचार एक आणाही नव्हता. माझ्या मनात वेगळंच होतं. वाटेत टंकलेखिका पत्रं मोठ्याने वाचेल, मी ऐकेन आणि तिथल्या तिथे निर्णय सांगेन. माझं काम कानाने होईल आणि डोळ्यांचं कुणाला कळणार नाही.

मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी हातच जोडले. दुसऱ्या दिवशी नकाशेवाल्यांनी न विचारता शहराचा नकाशा आणून माझ्या टेबलावर पसरला, कंपासचं टोक कचेरीवर रोवलं आणि एक वर्तुळ काढलं. "पंधरा मिनिटं जायला, पंधरा यायला," ते म्हणाले. "याच्या आतलं घ्या." त्या दिवसातली त्यांची ती दोन वाक्यं.

मग खरंच गंमत यायला लागली. टंकलेखिकेचं वाचन नाटकी. "आमच्या नळाला सकाळी सहा ते सहा पाच इतकंच पाणी येते, त्यात तोंड धुवावे की अश्रू," असं ती भर रस्त्यात म्हणायची आणि लोक वळून बघायचे. मी चालता चालता सांगायची, हे दाब विभागाला दे, हे मीटरवाल्यांना, हा माणूस दर महिन्याला लिहितो, याला एक फोन कर म्हणजे गप्प बसेल. एकतीस वर्षांचा अनुभव कानातून जात होता आणि तोंडातून बाहेर पडत होता. वर्षभराने मला माझं काम पुन्हा करता येत होतं.

नकाशेवाल्यांचं तर मला नवलच वाटलं. सव्वीस वर्षं ज्या नळांच्या रेघा काढल्या, ते नळ त्यांनी कधी डोळ्यांनी बघितले नव्हते. एका गल्लीत नळाला काटकोनी वळण होतं, तिथे ते वाकून बघतच राहिले. "नकाशात हा सरळ आहे," ते म्हणाले. "कुणीतरी झाड वाचवलंय." तिथे खरोखर एक जुनं झाड होतं. त्यांनी नळावर हात ठेवला, आपण ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवतो तसा. त्या दिवशी परत आल्यावर खिडकी उघडी होती आणि मी काही बोलले नाही.

आमचे चाराचे सात झाले. मग नऊ. टेबलाखाली पाय हलवणारा कारकूनसुद्धा येऊ लागला, कारण परत आल्यावर आम्ही जे किस्से सांगायचो ते त्याला आयते ऐकायला आवडेनात.

पाच आठवड्यांनी मी साखर तपासली. दोनशे एक्क्याण्णव.

सुनेने कागद दोनदा वाचला. "आई, तुम्ही चालताय ना?"

"अगं, रोज चालतेय. पाय बघ माझे."

तिने पाय बघितले नाहीत. माझी पिशवी उचलली, उलटी केली आणि झटकली. टेबलावर बिस्किटांचा चुरा पडला, चांगला मूठभर. कोपऱ्यावरच्या दुकानात खारी-गोड बिस्किटं फार छान मिळतात. इतकं चालून आल्यावर स्वतःला काहीतरी बक्षीस नको का द्यायला?

"चालेल," सून म्हणाली. माझाच शब्द माझ्यावर टाकला. "खा बिस्किटं. नातीचं तोंड नीट दिसलं नाही तरी चालेल ना तुम्हाला?"

मला राग आला आणि मी जेवणावरून उठले. सासूला असं बोलतात का? पण रात्रभर तो शब्द काही सुटला नाही. नात पाच महिन्यांची होती. ती हसते असं सगळे म्हणायचे. तिचा आवाज मी ओळखत होते, वास ओळखत होते, पण हसताना तिचं तोंड कसं होतं ते मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या कोपऱ्यावरून जायची वाट बदलली. नकाशेवाल्यांना म्हटलं, दुसरी वाट काढा. त्यांनी कारण विचारलं नाही, काढली.

दुसऱ्या महिन्यात एक दिवस टंकलेखिकेने चालता चालता पत्र उघडलं आणि तिचा आवाज एकदम साधा झाला. "मीटरजवळचा पाइप फुटून पायऱ्यांवर पाणी येते, शेवाळ धरले आहे. हे माझे चौथे पत्र आहे. यापुढे लिहिणार नाही." पत्ता आमच्या वर्तुळातला होता.

गेलो. अरुंद गल्ली, खाली शिंप्याचं दुकान, वर घर. तीन दगडी पायऱ्या आणि त्यांच्यावरून पाण्याचा सततचा ओहोळ, पायरी हिरवीगार. शिंपी गळ्यात टेप घालून बाहेर आले. आम्ही पाणी मंडळाचे म्हटल्यावर तसेच आत गेले आणि एक पोस्टकार्ड घेऊन आले.

"मी लिहिलं की पाइप फुटलाय, पायरी निसरडी झालीय, माणूस पडेल," ते म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "तुमचं उत्तर आलं. हे वाचा. अभिप्राय, चालेल."

दारात त्यांची बायको येऊन उभी राहिली होती. तिचा हात गळ्यात बांधलेला होता, हे मला जवळ गेल्यावर दिसलं.

"पंधरा दिवस झाले," शिंपी म्हणाले. "ही पडली. मनगट मोडलं. आता मला सांगा, माणूस पडलेला चालेल, असा त्याचा अर्थ घ्यायचा का मी?"

"अहो, त्यांना आधी बसायला तरी सांगा," बायको म्हणाली.

टंकलेखिका रडवेली होऊन माझ्याकडे बघत होती. ते कार्ड तिनेच टाइप केलं होतं, पण ती बोलली नाही. मला वाचवत होती पोरगी. आणि मी वाचले असते. 'चौकशी करते' म्हणून निघून आले असते तर कुणी मला धरलं नसतं. पण त्या बाईचा तो बांधलेला हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता आणि तो मला स्पष्ट दिसत होता.

"ते 'चालेल' माझं आहे," मी म्हटलं. "मला तुमचं पत्र वाचता आलं नाही. त्यातला 'मीटर' एवढा शब्द लागला आणि मला वाटलं, मीटर हलवायची परवानगी मागताहेत. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वर्षभर लपवलाय मी. चूक माझी आहे, या मुलीची नाही, कचेरीची नाही."

शिंप्यांनी दुकानातलं स्टूल आणून ठेवलं. मी बसले. त्यांनी गळ्यातला टेप काढून हातावर गुंडाळला. मग म्हणाले, "डोळे माझेही गेलेत, बाई. सुईत दोरा ओवायला मी शेजारणीला हाक मारतो." थांबले. "पण मी हाक मारतो."

मी त्यांच्या बायकोची माफी मागितली. ती म्हणाली, प्लास्टर पुढच्या महिन्यात निघेल. नकाशेवाले पायरीवर उकिडवे बसून मीटरचा नंबर टिपून घेत होते. परतीच्या वाटेवर मी रडले, भर रस्त्यात, पदराने तोंड पुसत. बाकीचे पुढे गेले. नकाशेवाल्यांनी आपल्या लांब ढांगा माझ्या पावलांइतक्या छोट्या केल्या होत्या, ते मला कचेरीच्या फाटकाशी आल्यावर लक्षात आलं. तो पाइप दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या आत दुरुस्त झाला.

त्याच संध्याकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. परिपत्रकाचंही. "मी 'चालेल' लिहिलं होतं, न वाचता. तुम्ही 'चालेन' वाचलंत. प्रमुख वगैरे मी चुकून झालेय. आता मला खाली जुन्या कागदांच्या खोलीत पाठवायचं तर पाठवा."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "त्या खोलीत उंदरांखेरीज कुणाला बसवायचा माझा विचार नाही," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन होईपर्यंत पत्रं वाचून दाखवायला माणूस देते. निर्णय तुमचाच. पण एक आहे. वाचता येऊ लागलं की पहिलं उत्तर त्या शिंप्यांना, तुमच्या हाताने. टाइप केलेलं नाही."

"चालेल," मी म्हटलं आणि जीभ चावली. मॅडम हसल्या.

लपवायचं काही उरलं नाही, तशी मी नुसती चालायला मोकळी झाले. दुपारी कचेरीबरोबर, संध्याकाळी घरी एक स्टॉप आधी उतरून. सून फाटकाशी नातीला कडेवर घेऊन उभी असायची. सुरुवातीला वाटायचं पहारा करतेय. नंतर कळलं, नातीला माझी चाल ओळखू यायला लागली होती, मी कोपऱ्यावर दिसले की ती हात नाचवायची. मला ते दिसत नव्हतं, सून सांगायची. सून आणि मी अजून भांडतो, पण साखरेचा डबा तिने परत खालच्या फळीवर ठेवला. म्हणाली, आता भरवसा आहे.

चौथ्या महिन्यात साखर एकशे त्र्याऐंशी आली. डॉक्टरांनी तारीख दिली. ऑपरेशनला मी घाबरले नाही असं म्हटलं तर खोटं होईल. टेबलावर पडल्यापडल्या मी मनात कचेरीपासून शिंप्याच्या दुकानापर्यंतची वाट चालत गेले, एकेक वळण मोजत. परत यायच्या आत झालंसुद्धा.

पट्टी काढली तेव्हा सुनेने नातीला समोर आणलं. हसताना तिचं तोंड थेट माझ्या मुलाच्या लहानपणीसारखं वाकडं होतं. एवढंच सांगते, पुढचं माझं मला.

महिनाभराने कचेरीत गेले. पहिलं काम ठरलेलं होतं. कपाटातून चालण्याच्या उपक्रमाची फाईल काढली, शिंप्यांचं चौथं पत्र तिच्यातच लावलेलं होतं. ते वाचलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोनदा. सुंदर, टाक्यांसारखं सारखं अक्षर. मग कोरं पोस्टकार्ड घेतलं आणि उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते त्यांचं नि माझं.

फाईल बंद करता करता सगळ्यांत तळाचा कागद दिसला. तेच परिपत्रक. म्हटलं, बघू तरी आपलं ते अक्षर, ज्याने एवढा घोळ घातला. तेहतीस सह्यांमध्ये माझी सापडली. काळ्या शाईत, ठसठशीत, 'चाले'. आणि त्याच्यापुढे न. मी कागद खिडकीपाशी नेला. त्या न-च्या जागी कागद पातळ झाला होता, त्यातून उजेड येत होता. कुणीतरी माझ्या ल-ची दोन्ही वेटोळी ब्लेडने अलगद खरवडून काढली होती, काना तेवढा ठेवला होता आणि त्याला डावीकडून एक बारीक, नेटकी रेघ जोडली होती. हिरव्या शाईने.

मी खुर्चीत बसले. मॅडमच्या डोळ्यांना तर मोतीबिंदू नव्हता, त्यांनाही ती शाई दिसली असणारच. मग आठवलं, मागच्या वर्षी मी नकाशेवाल्यांच्या एका नकाशावर सही केली होती आणि त्यांनी काही न बोलता तो माझ्या हातातून घेऊन सुलटा करून ठेवला होता. तेव्हापासून चुकीच्या विभागाला गेलेली माझी किती पत्रं त्यांच्या टेबलावरून मुकाट्याने योग्य जागी गेली असतील, देव जाणे. शिंप्यांची तेवढी सुटली, कारण 'चालेल'ची पत्रं माझ्याकडून थेट टंकलेखिकेकडे जायची.

घड्याळात दीड वाजून गेला होता. बाहेर फाटकाशी एकवीस माणसं उभी होती आणि त्यांच्या डोक्यांच्या वर एक ओळखीचं डोकं. मी फाईल कपाटात ठेवली आणि खाली उतरले. बाकीचे चालायला लागले होते. नकाशेवाले मागे थांबले होते.

"उशीर केलात," ते म्हणाले.

"फाईल वाचत होते."

"वाचता आली?"

"सगळी. तुमचा न जरा वाकडा आलाय."

ते चालायला लागले, छोट्या पावलांनी. मीही निघाले. नळाच्या वळणावरच्या त्या जुन्या झाडापर्यंत आल्यावर मी विचारलं, "काळी शाई नव्हती का टेबलावर?"

"होती," नकाशेवाले म्हणाले. "पण नवी लाइन हिरव्यानेच काढतात, बाई."